कलचाचणी आणि कपाटाची किल्ली

रोहिणीने कॉपी केली नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी विश्वास ठेवला नाही. हेडमास्तरांनी नाही, राऊत सरांनी नाही, पालघरच्या कल्याणीमॅडमनी तर नाहीच नाही. माझ्या नवऱ्याने तर ताटावरची मान वर न करता विचारलं, "तुला त्यातलं काय कळतं?"

मी चौथी शिकलेली. शाळेत झाडते, घंटा देते, पाणी भरते, चहा करते, कपाटं उघडते आणि लावते. पेपरातलं मला कळत नाही हे खरं. पण पोरं कळतात. कोण पोट दुखतं म्हणून खोटं सांगतंय आणि कोणाचं खरंच दुखतंय, हे मला डॉक्टरच्या आधी कळतं.

शाळा झाडणाऱ्या बाईकडे किस्से केरासारखे जमतात. आज काढून टाकले म्हणून उद्या नसतात असं नाही. आणि दहावीची कलचाचणी आली की सुपलीभर निघतात. कलचाचणी म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. दहावीनंतर पोराने काय करावं, त्याचा ओढा कुठे, डोकं कशात चालतं, हे प्रश्न विचारून शोधायचं. पालघरची एक संस्था दर थंडीत आमच्याकडे ती घेते. कल्याणीमॅडम पेपरांचे गठ्ठे घेऊन येतात, गठ्ठे कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

आमची शाळा दांडीच्या रस्त्याला. निम्मी पोरं बंदरावरची, मच्छीमारांची. थोडी वाडीवाल्यांची, नारळ-सुपारीतली. बाकीची बोईसरच्या कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची. एवढी तऱ्हेतऱ्हेची पोरं एका वर्गात बसवून त्यांना मनातलं लिहा म्हटल्यावर काय होणार!

*

पहिल्याच वर्षी एक प्रश्न होता, 'प्राण्यांची काळजी घ्यायला तुम्हाला आवडते का?'

बंदरावरचा एक पोरगा हात वर करून उभा राहिला. मासा प्राण्यात धरायचा का, असं त्याला विचारायचं होतं. मॅडमना असला प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी जरा विचार केला आणि सांगितलं, धर.

पोराने ताबडतोब 'नाही'वर खूण केली.

मॅडमना वाईट वाटलं. त्याच्या बाकापाशी जाऊन त्यांनी हळूच विचारलं की बाबा, मुक्या जीवांबद्दल तुला काहीच वाटत नाही का.

"वाटतं की मॅडम. पण त्यांची काळजी घेत बसलो तर घरात जेवायचं काय?"

*

दुसऱ्या वर्षी मॅडम निकाल घेऊन आल्या त्या चिंतेतच. 'मोकळ्या हवेत, घराबाहेर काम करायला आवडेल का?' ह्या प्रश्नाला बंदरावरच्या झाडून सगळ्या मुलींनी 'नाही' लिहिलं होतं. मॅडम स्टाफरूममध्ये राऊत सरांना सांगत होत्या की ह्या मुली फारच बुजऱ्या आहेत, घराबाहेर पडायला घाबरतात, ह्यांच्यासाठी एखादं शिबिर घ्यायला पाहिजे. राऊत सर दहावीचे वर्गशिक्षक. माणूस सरळ, पण मॅडम बोलल्या की मान डोलवायची सवय. ते डोलवत होते.

मी चहा ठेवत होते. मला कुणी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारेपर्यंत थांबायचं, ही सवय मला कधी लागली नाही.

"मॅडम, ह्या पोरी दिवस उगवायच्या आत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगतात, मग शाळेला येतात. शाळा सुटली की वाळलेले काढायला पळतात. मोकळी हवा त्यांना पोटभर झालीय. त्यांना आता पंख्याखाली बसायचंय."

राऊत सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून वही काढली आणि मी जे बोलले ते लिहून घेतलं, माझ्यासमोर. पुढच्या वर्षी त्या प्रश्नाच्या वर एक नवीन प्रश्न आला होता, 'आत्ता तुम्ही घरच्या कामात रोज किती वेळ उन्हात असता?'

एवढी शिकलेली बाई आणि झाडणाऱ्या बाईचं ऐकून पेपर बदलते. त्या दिवसापासून त्यांच्या चहात मी आलं जास्त टाकते. राऊत सरांना वाटतं सगळ्यांच्याच चहात टाकते.

*

निकाल म्हणजे पालघरच्या मशीनमधून निघालेला एक कागद असतो. मार्क नसतात, पट्ट्या असतात, कमी-जास्त लांबीच्या. कुठली पट्टी लांब, तिकडे पोराचा कल. तो कागद पालकांना बोलावून समजावून द्यायचा.

बोईसरच्या एका कंपनीत भट्टीवर काम करणारा एक बाप आला होता. यूपीचा माणूस, पाळी संपवून तसाच आलेला, डोळे लाल. त्याच्या मुलीची 'भाषा आणि शिकवणे' ही पट्टी चांगली लांब आली होती. मॅडमनी त्याला हिंदीतून सगळं नीट समजावलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "मॅडमजी, पास है ना?"

मॅडम म्हणाल्या की ह्यात पास-नापास नसतं, हा फक्त मुलीचा कल आहे. त्याला ते पटलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"वो सब ठीक है मॅडमजी. पर पास है ना?"

मॅडमनी परत पट्टीपासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा तो दारातून परत आला तेव्हा राऊत सरांनी खिशातला लाल पेन काढला, कागदाच्या कोपऱ्यात मोठ्ठं 'पास' लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. माणसाने कागद कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या स्टाफला पेढे. मलासुद्धा दोन, कारण त्या दिवशी खुर्ची मी दिली होती.

पण तो कागद घेऊन बाहेर पडताना व्हरांड्यात थांबलेल्या बाकीच्या पालकांनी ते लाल अक्षर बघितलं होतं. सगळे आपापले कागद घेऊन सरांच्या टेबलासमोर रांगेत उभे. राऊत सरांचा लाल पेन त्या दिवशी संपला.

*

आता यंदाचं. चाचणीचे दोन भाग असतात. पहिला मनातल्या प्रश्नांचा. दुसरा आठवडाभराने, आकृत्यांचा आणि हिशोबी डोक्याचा.

पहिल्या भागाचे कागद तपासताना मॅडमनी आठ कागद बाजूला काढले. बंदरावरच्या आठ पोरांची साठच्या साठ उत्तरं एकसारखी. राग कधी येतो, मोकळ्या वेळात काय करता, कोणाशी बोलायला आवडतं, सगळं एकच. आवडता रंगसुद्धा आठही जणांचा निळा.

मॅडमनी आठ जणांना ओळीने उभं केलं आणि विचारलं, कोणी कोणाचं बघून लिहिलं. शेवटी त्यातला थोराड पोरगा, जिग्नेश, पुढे झाला.

"बघून नाय लिवलं, मॅडम. आदल्या दिवशी बसून ठरवलं."

"काय ठरवलं?"

"काय आवडतं ते. आमी आठ जण पुढे एकाच बोटीवर जाणार हाव. एकाला लाल आवडला नि एकाला निळा, तर बोट रंगवायच्या वक्ताला मारामारी होईल."

वर्ग हसला. मॅडमपण हसल्या. बोटीवर एकाचं तोंड पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला असून चालत नाही, हे बंदरावर आईच्या दुधातून येतं. पण तो किस्सा मॅडमच्या संस्थेपर्यंत गेला आणि तिथल्या साहेबांना हसू आलं नाही. पुन्हा कॉपीचा संशय आला तर निकाल राखून ठेवा आणि कारण लेखी द्या, असा हुकूम आला. मग दुसऱ्या भागाला मॅडमनी एका बाकावर एक पोर बसवलं, दप्तरं बाहेर ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पाहिलं नाही.

*

आणि त्याच पेपराला रोहिणीने घोटाळा केला.

रोहिणी माझ्याच आळीतली, हरेश्वरची एकुलती एक पोर. घरात भाऊ नाही. आई जयवंती बोईसरच्या बाजारात मच्छी विकायची, पण तिचे गुडघे गेले. खाली बसली की दोघींनी धरून उठवावं लागतं. म्हणजे तिची माशांची पाटी आता रोहिणीने उचलायची, हे आळीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दहावीपर्यंत आली हेच खूप झालं. पोरीला मात्र पुढे शिकायचं होतं. बापापाशी रडली नाही, भांडली नाही, एवढंच म्हणाली की शाळेत चाचणी आहे, तिचा कागद येऊ दे.

हरेश्वरला लिहिता-वाचता येत नाही, पण मशीनवर त्याचा विश्वास. बोटीवर जीपीएस आल्यापासून तो म्हणतो की माणसाच्या अंदाजापेक्षा डबी बरी. त्याने शब्द दिला, कागद शिक म्हणाला तर शिक, नाही तर कागद आल्यानंतरच्या सोमवारपासून पाटी. तेव्हा त्या पोरीचं सगळं त्या एका कागदावर होतं. मला हे माहीत होतं. शाळेत कुणाला माहीत नव्हतं.

आकृत्यांचे वीस प्रश्न. कागदाची घडी घातली, मधोमध भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील. ठोकळा असा फिरवला, मग तसा फिरवला, आता वरची बाजू कुठली. पंचवीस मिनिटं. मी घंटेसाठी घड्याळ बघत दारात उभी. दहा मिनिटंही झाली नव्हती, तर रोहिणीने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीतून कावळे बघत बसली. मॅडम तिच्यापाशी गेल्या, पेपर सोडवत का नाहीस म्हणून विचारलं.

"झाला," ती म्हणाली.

वीसपैकी वीस. मॅडम म्हणाल्या की शहरातल्या मोठ्या शाळांतसुद्धा त्यांना असा कागद मिळालेला नाही. आणि ही पोर गणितात कशीबशी पास होणारी! मग कुणीतरी कपाट बघितलं. पेपरांच्या गठ्ठ्याची चिकटपट्टी सुटलेली.

आता आमच्याकडे काय चिकटून राहतं? खारी हवा. भिंतीचा रंग राहत नाही, फळ्यावरचं वेळापत्रक राहत नाही, लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट राहत नाही. मी हे सांगितलं. पण पट्टी सुटलेली, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आणि पोरगी माझ्या आळीतली. सगळ्यांची नजर माझ्या कमरेवर. म्हणजे मी पेपर घरी नेला, सोडवला आणि पोरीकडून पाठ करून घेतला!

हेडमास्तर चांगल्या शब्दांत म्हणाले की कुंदाताई, किल्ली काही दिवस ऑफिसात राहू दे. मी किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. टेबलाची काच तडकली ती आधीपासूनच तडकलेली होती, असं मी आजही म्हणते.

*

दोन दिवस मी चहात आलं टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरळ जाऊन सांगितलं की मी पेपर सोडवला असं म्हणणं असेल, तर मला बसवा. आत्ता. तुमच्यासमोर.

मॅडम नको-नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. पदर खोचून बाकावर बसले. चौथीनंतर पहिल्यांदाच बसले, हे बसल्यावर लक्षात आलं. पण वेळ चालू झाली होती. घडी, भोक, ठोकळा. मी ठोकळा फिरवता फिरवता स्वतःची मान फिरवत होते. पंचवीस मिनिटं पूर्ण घेतली.

तीन आले. वीसपैकी तीन, त्यातले दोन अंदाजाने.

बाईमाणसाची इतकी झटपट निर्दोष सुटका कोर्टात होत नाही. पण माझं एवढ्यावर भागलं नाही. मी म्हटलं, शाळेत शिकलेली माणसंही आहेत, त्यांनाही बसवा. राऊत सर भला माणूस, हसत बसले. त्यांना अकरा आले. मग हसायचे थांबले. पेपर दोनदा तपासून घेतला, तरी अकराच.

हेडमास्तरांपुढे पेपर ठेवला, तर त्यांना पालघरची मीटिंग आठवली.

*

मग निकाल वाटायचा दिवस आला. सगळ्यांना पट्ट्यांचे कागद मिळाले. रोहिणीच्या कागदावर पट्ट्याच नव्हत्या. 'निकाल राखून ठेवला आहे' एवढंच. पोरीने कागदाची चार पदरी घडी घातली, कंपासपेटीत ठेवली आणि उरलेले तास फळ्याकडे बघत बसली.

शाळा सुटल्यावर मी तशीच हरेश्वरच्या अंगणात गेले. तो जाळं सांधत होता. रोहिणी समोर बसून दुसरं टोक हातात धरून. घरी येऊन दप्तर ठेवलं आणि रोजच्या जागी बसली. मुलगा असता तर तो बसला असता, मुलगा नाही म्हणून लहानपणापासून ही. जाळं फाटलं होतं ते एकावर एक पडलेल्या पदरांत, मला तर नुसता गुंता दिसत होता. ती बोट न लावता सांगत होती, हा पदर उघडला की भोक तिकडे जाईल, गाठ तिकडे मार. हरेश्वर मारत होता.

मी कागदाचं विचारलं. तो म्हणाला, कागद आला, पण कोरा आला. म्हणजे मशीनला काय दिसलं नाही. सोमवारी ती जयवंतीची पाटी घेईल, टेम्पोवाल्याला सांगून झालंय. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही.

"कोरा नाय आला. अडवून ठेवलाय," मी म्हटलं. "तुझी पोर चोर हाय असं म्हणतायत शाळेत. तिने बघून लिवलं म्हणतायत. मला चौथीतून घरी बसवली तेव्हा निदान चोर म्हणून नव्हती बसवली."

हरेश्वरने पोरीकडे बघितलं. तिने घरात हे सांगितलंच नव्हतं. जाळ्याची सुई त्याने बाजूला ठेवली, आत गेला आणि शर्ट घालून बाहेर आला. शाळा बंद झालीय, उद्या ये, हे मला त्याला फाटकापर्यंत ओढत सांगावं लागलं.

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी एक बोलते. ह्या लोकांवर मी चिडले, किल्ली आपटली, चहातलं आलं बंद केलं. पण मी त्यांचे उपकार मानते. ज्यांना आपली चूक तपासायची नसते ते कागदावर सही करतात आणि पुढच्या शाळेला जातात. मॅडमनी तसं केलं नाही. मला तीन आणि सरांना अकरा आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्यांनी संस्थेत भांडून आकृत्यांचा दुसरा पेपर मागून घेतला, आमच्याकडे कधी न आलेला, आणि कपाटात ठेवायच्या ऐवजी स्वतःच्या पर्समध्ये घालून आणला. मला अर्ध्या आयुष्यात कुणी विचारलं नाही की बाई, तुला काय येतं. एका पोरीला काय येतं हे बघायला एक बाई तासभर बस बदलत येते, हे मी बघितलं. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

तर त्या सकाळी हरेश्वर शाळेत आला. पोरीच्या पहिलीच्या ॲडमिशननंतर पहिल्यांदा. वर्गाच्या दारात चपला काढल्या. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं, तर तो उभाच. त्याचं एकच म्हणणं, माझी पोर कोणाचं बघून लिहिते ते मला दाखवा.

मॅडम म्हणाल्या की आज नवीन पेपर आहे, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. राऊत सर रोहिणीला घेऊन प्रयोगशाळेत गेले, दार लावलं. दाराच्या जाळीतून मी एकदा डोकावले आणि परत वर्गात आले. इकडे वर्गात मॅडमच्या हातात पेपराची एक प्रत उरली होती. हरेश्वर त्या प्रतीकडे बघत होता.

"ह्यात लिवायचं काय असतं?"

"लिहायचं काही नसतं. चित्रं असतात."

"मग द्या इकडे."

तो बाकावर बसला. गुडघे मावेनात म्हणून बाहेर काढून बसला. मॅडमनी एक प्रश्न समजावला, घडी, भोक, चार उत्तरं. दुसरा समजवायला गेल्या तर त्याने हाताने थांबवलं. पेन्सिल घेतली नाही. चित्रातल्या घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे, उघडायचे आणि एका चित्रावर अंगठा टेकवायचा. मॅडम खूण करत गेल्या. एका चित्राला त्याला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात माझा चहाचा कपसुद्धा उचलून होत नाही.

चौदाव्याला तो अडला. अंगठा दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. मग मान हलवली.

"ह्यातलं एकबी नाय."

मॅडम म्हणाल्या की चारातलं एक असतंच, पुन्हा बघा.

"बघितलं. तुमचं जाळं असं उलगडणारच नाय. छापणाऱ्याने चुकवलंय."

मॅडमनी तो सोडून पुढे जायला सांगितलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. तेवढ्यात प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि राऊत सर रोहिणीचा कागद घेऊन आले. चेहरा असा, की पोरीने काहीतरी पुन्हा केलंय. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकोणीस उत्तरं तीच आणि एकोणीस बरोबर. चौदाव्याला रोहिणीने चारही चित्रांवर फुली मारून खाली लिहिलं होतं, 'एकही नाही.'

मॅडमनी एक कोरा कागद घेतला, चौदाव्या चित्रासारखी त्याची घडी घातली, भोक पाडलं आणि उलगडून बघितला. मग राऊत सरांनी घडी घालून बघितली. मग मीही घातली, माझं काही कळलं नाही, पण घातली. छापणाऱ्याने चुकवलं होतं.

मॅडमनी तिथेच बसून निकालाचा कागद हाताने भरला, पट्ट्यासुद्धा पट्टी घेऊन आखल्या. आकृती आणि रेखाटनाची पट्टी कागदाच्या कडेपर्यंत गेली. मशीनची चित्रं काढायचा डिप्लोमा असतो, दहावीनंतर लगेच, बोईसरच्या कंपन्यांना अशी माणसं हवीच असतात, हे त्या हरेश्वरला समजावत होत्या. तो ऐकून घेत होता. मग त्याने एवढंच विचारलं की कागद काय म्हणतो, जा का नको.

"जा म्हणतो," मॅडम म्हणाल्या.

हरेश्वरने पोरीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"टेम्पोवाल्याला सांग. सोमवारी पाटी घेऊन मी येतो."

आमच्याकडे पुरुष मासे आणतो, बाजारात बसून विकत नाही. मी म्हटलं, बाजारातल्या बायका हसतील रे. तो म्हणाला, हसू दे. रोहिणी तेव्हा रडली, पहिल्यांदा, आणि राऊत सर फळा पुसायला लागले. फळा कोरा होता.

मॅडमचं एक काम उरलं होतं. संस्थेला लेखी कळवायचं, निकाल का राखून ठेवला होता आणि आता का सोडला. त्याचा छापील फॉर्म होता. त्यात एक रकाना, 'नक्कल कोणाची केली?' राऊत सर म्हणाले की आता तो रकाना रिकामा सोडा, नक्कल नव्हतीच.

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "नाव लिहायलाच पाहिजे."

राऊत सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या कमरेकडे बघितलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, हरेश्वरला त्याच्या वडलांचं नाव विचारलं, आणि त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं:

हरेश्वर गोविंद तांडेल.